वैजूचा अंगठा आणि साडेचारची गाडी

"एक बोट चाटव नुसतं," आक्का म्हणाली. "दही-साखरेवाचून उंबरा ओलांडला आन् काम तडीला गेलं, असं कधी झालंय का?"

आक्का म्हणजे माझी आई. तिच्या हातात दह्याची वाटी होती, माझ्या कडेवर दोन वर्षांची वैजू होती आणि बाहेर रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन माझी बायको शालन बसली होती. सकाळचे साडेसहा वाजले होते. वैजू पहाटे चारपासून भुकेनं रडत होती आणि शालननं तिला पाण्याचा थेंबसुद्धा दिला नव्हता.

"आक्का, रात्री बारानंतर काही द्यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

"उपासच ना? दही चालतंय उपासाला. मला नको शिकवू. लेकराचा अंगठा कापून टाकाय निघालाव, त्याला मी हूं म्हणलं. आता एवढं तरी माझं आयका."

कापून टाकायला निघालो होतो हे खरंच होतं. वैजूच्या उजव्या हाताला जन्मतःच अंगठा असा नव्हता. वालाच्या दाण्याएवढा एक इवलासा अंगठा कातडीच्या देठाला लोंबत होता. त्याला नख होतं, पण आत हाड नव्हतं आणि जीवही नव्हता. आक्का त्या नखाला सणासुदीला लाल रंग लावायची. आमच्या बार्शीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात हाताच्या शस्त्रक्रियेचं शिबिर भरायचं. त्यासाठी पुण्याहून डॉक्टर पेंढारकरबाई वर्षातून दोनदा यायच्या. बाई चणीनं लहान, पण आवाज असा की माझ्यासारख्या एसटीच्या कंडक्टरनं शिकवणी लावावी. मागच्या खेपेला त्यांनी वैजूचा हात उलटसुलट करून पाहिला आणि सांगून टाकलं, "हा अंगठा शोभेचा आहे. तो काढायचा. शेजारचं बोट उचलायचं, फिरवायचं आणि अंगठ्याच्या जागी बसवायचं."

"म्हणजे पाचाची चार करणार?" मी विचारलं.

"चार. पण कामाची."

मग त्यांनी टेबलावर एक शेंगदाणा ठेवला. वैजूनं तो पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या मधल्या फटीत कात्रीसारखा पकडून उचलला. "बघा," बाई म्हणाल्या, "तिनं या बोटाला कधीच अंगठा मानलंय. मी फक्त तिचं ऐकणार आहे." शालननं तिथल्या तिथे होकार दिला. मला आठ दिवस लागले. आक्काला महिना लागला. वैजूच्या हृदयाची तपासणी झाली, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं आणि आज तो दिवस उजाडला होता.

आता आक्काचे डोळे भरून आले. आक्काच्या शिव्यांना मी कधी भीक घातली नाही, पण ती रडायला लागली की माझं पाणी पाणी होतं. मी चमचाभर दही वैजूच्या ओठाला लावलं. पोरगी अडीच तास रडत होती. तिनं चमचा असा धरला की सोडेना. एक चमचा, दुसरा चमचा, आणि थेंबभर म्हणता म्हणता तिनं वाटी चाटूनपुसून लख्ख केली. मी तिचं तोंड माझ्या उपरण्यानं पुसलं आणि रिक्षात जाऊन बसलो.

"गप कशी झाली ओ?" शालननं विचारलं.

"रडून रडून दमली," मी म्हणालो.

दवाखान्यात सात वाजता पोचलो. त्या दिवशी चार मुलं होती. एका पोराला एकाच हाताला दोन अंगठे होते, एका मुलीचा अंगठा वाकलेलाच अडकून बसला होता आणि एकाची दोन बोटं चिकटलेली होती. वैजू सगळ्यांत लहान आणि तिचं काम सगळ्यांत मोठं, म्हणून तिचा पहिला नंबर. सिस्टरनं विचारलं तेव्हा शालन ताठ मानेनं म्हणाली, "पाण्याचा थेंब न्हाई दिला, सिस्टर. रात्रभर मांडीवर घेऊन बसले." तिचा तो चेहरा पाहून मी दुसरीकडे बघायला लागलो.

मग भूल देणारे डॉक्टर इनामदार आले. उंच, टक्कल पडलेले, कपाळावर कायमची आठी. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "सही करा. बारानंतर काही खाल्लं-प्यायलं नाही ना मुलीनं?"

"नाही," मी म्हणालो आणि सही केली.

बावीस वर्षं झाली त्याला. एसटीत असताना मी लबाडी करणारे हजार प्रवासी पकडले. अर्ध्या तिकिटासाठी बारा वर्षांच्या घोड्याला पाच वर्षांचं बाळ म्हणणारे पकडले. पण त्या दिवशी माझ्याएवढा लबाड माणूस त्या दवाखान्यात दुसरा नव्हता. माझ्या डोक्यात एकच होतं. खरं सांगितलं तर बाई आजचं ऑपरेशन रद्द करतील, पुन्हा सहा महिने थांबावं लागेल, आणि तोवर आक्का आपला शब्द फिरवेल. चार चमचे दह्यानं काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं.

सिस्टर वैजूला घेऊन आत गेली. दार बंद झालं. आम्ही बाकड्यावर बसलो. शेजारी त्या अडकलेल्या अंगठ्याच्या मुलीची आई बसली होती. ती शालनला सांगायला लागली, "आमचं मागच्या शिबिरात व्हनार व्हतं. पर हिच्या बापानं सकाळी बिस्कीट दिलं. डागदरानं तसंच माघारी धाडलं. म्हनले, भूल दिल्यावर प्वाटातलं वर येतं आन् श्वासात जातं. ल्येकरू टेबलावरच गुदमरून मरतं, बाई."

"देवा रे," शालन म्हणाली.

मी उभा राहिलो. कधी राहिलो ते मला कळलं नाही. दोन ढांगांत त्या दाराशी गेलो आणि दोन्ही हातांनी ते बडवायला लागलो.

"थांबा! ओ डॉक्टर, थांबा! भूल देऊ नका! तिनं खाल्लंय!"

दार उघडलं. इनामदार डॉक्टर समोर उभे होते, तोंडावर फडकं, हातात भूल द्यायचा काळा रबरी मास्क. "काय?"

"दही. वाटीभर. साडेसहाला. मी दिलं."

"तुम्ही तर नाही म्हणालात!"

"खोटं बोललो."

त्यांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि मग माझी जी खरडपट्टी काढली ती काढली. मूर्ख, बेजबाबदार, बाप आहात की कोण आहात. सगळा व्हरांडा ऐकत होता. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि खरं सांगायचं तर मला इतकं बरं वाटत होतं की त्यांनी दोन कानाखाली वाजवल्या असत्या तरी चाललं असतं. कारण आतून वैजूच्या रडण्याचा आवाज येत होता. खणखणीत, जिवंत, भूल न दिलेल्या पोरीचा आवाज.

मागं वळलो तर शालन उभी होती. तिनं सिस्टरच्या हातातून वैजूला घेतलं आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, माझ्याकडे पाठ करून बसली.

पेंढारकरबाई बाहेर आल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेसहाला दही म्हणजे साडेबारापर्यंत हात लावता येणार नाही. बाकीची तिघं आधी घेते. मग हिला घ्यायची तर एक वाजता सुरुवात, साडेतीन तास. माझी कुर्डुवाडीहून रेल्वे आहे साडेतीनची. आणि उद्या सकाळी आठला मला पुण्यात ऑपरेशनला उभं राहायचंय." त्यांनी मान हलवली. "नाही जमणार हो. पुढच्या शिबिरात बघू."

माणसाच्या तोंडून कधी कधी असं काही निघून जातं की बोलल्यावर त्यालाच दचकायला होतं.

"बाई, साडेचारची बार्शी-पुणे आहे. थेट गाडी. दहापर्यंत तुम्ही घरी."

"आणि मला इथंच पाच वाजले तर?"

"ती गाडी तुमच्याशिवाय सुटणार नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मी कंडक्टर आहे."

आता हे जरा सांगायला हवं. अख्ख्या बार्शी डेपोत गाडी वेळेवर सोडणारा म्हणून निवृत्ती घोडकेचं नाव होतं. माझा सख्खा सासरा एकदा हातात कोंबडी घेऊन धावत येत होता आणि मी आरशात त्याला बघत डबल बेल मारली होती. दिवाळीला गेलो तेव्हा तो माझ्याशी बोलला नाही. असा मी, आणि मी दुसऱ्याची गाडी अडवायची बोली करून बसलो.

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग इनामदारांकडे पाहिलं. इनामदार अजून धुमसत होते, पण म्हणाले, "माझी तयारी आहे. आता उपाशी राहिली तर."

"मीच धरून बसते तिला," व्हरांड्याच्या टोकावरून शालनचा आवाज आला. "कुनाच्या हातात देत न्हाई."

वैजू एक वाजता आत गेली. या खेपेला इनामदारांनी शालनला विचारलं, मला नाही. आत जाताना ते माझ्यापाशी थबकले. आवाज उतरला होता. "माझ्या हातून एक मूल गेलंय," ते म्हणाले. "दूध पाजलं होतं. शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. सगळे बाप दार वाजवत नाहीत, घोडके." आणि आत निघून गेले.

दोन वाजले. तीन वाजले. मी व्हरांड्यात इकडून तिकडे इतक्या फेऱ्या मारल्या की झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "फरशी झिजंल, भाऊ." साडेतीनला सिस्टर धावत बाहेर आली, काहीतरी घेऊन पुन्हा आत पळाली. मी विचारलं, तिनं ऐकलं नाही. पावणेचारला आतून एक कंपाउंडर बाहेर आला. त्याला मी गाठलं.

"बोट बसवलंय," तो म्हणाला. "आता दंडाला बांधलेला पट्टा सोडणार. रक्त आत गेलं आन् बोट गुलाबी झालं तर जिंकलो."

"आणि नाही झालं तर?"

तो चहाला गेला.

चार वाजले. साडेचारची गाडी फलाटाला लागायची वेळ. माझे पाय त्या दारापासून हलेनात. पलीकडे माझ्या लेकीचं बोट गुलाबी होतंय की काळं पडतंय ते ठरत होतं, आणि मला बसस्टँडवर जायचं होतं. सकाळच्या त्या प्रकारानंतर शालननं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली: जा. मी झाडूवाल्या मावशींच्या मुलाची सायकल घेतली आणि सुटलो.

साडेचारच्या गाडीवर बशीर तांबोळी कंडक्टर होता. गाडी खच्चून भरली होती. बशीर फलाटावर उभा राहून पान खात होता.

"बशीरभाई, एक काम आहे. गाडी थांबवायची."

पान त्याच्या तोंडातच राहिलं. "कोन बोलतंय हे? घोडके? सासऱ्याला टाकून जानारा घोडके?"

"तोच. पाया पडतो."

मी त्याला सांगितलं. एका दमात, दह्यापासून गुलाबी बोटापर्यंत सगळं. बशीरनं पान थुंकलं. "थांबली म्हन," तो म्हणाला आणि कंट्रोलरच्या खिडकीकडे गेला. तिथं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण चार-पस्तीसला स्पीकरवरून आवाज आला की बार्शी-पुणे गाडी काही कारणास्तव थोडी उशिरा सुटेल.

गाडीत गलका सुरू झाला. चार-चाळीस. एक सफारीवाले गृहस्थ खिडकीतून ओरडले, "काय मनमानी आहे ही! तुमचा नंबर द्या, तक्रार करतो." मग माझं डोकं फिरलं. मी गाडीत चढलो, दारातल्या दांड्याला धरून उभा राहिलो आणि ज्या आवाजात वीस वर्षं 'पुढे सरका' म्हणालो होतो त्या आवाजात बोललो.

"मंडळी, तक्रार माझ्या नावानं करा. निवृत्ती घोडके, बार्शी डेपो. माझ्या दोन वर्षांच्या पोरीला अंगठा नाही. एक डॉक्टरीण बाई आत्ता या मिनिटाला तिला अंगठा करायलीय. बाईंची रेल्वे माझ्या चुकीमुळं गेली. उद्या सकाळी पुण्यात दुसऱ्या लेकरांची ऑपरेशनं आहेत. त्यांना घेतल्याशिवाय गाडी गेली तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

मग मागच्या सीटवरून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "थांबू द्या की! पुनं काय पळून चाललंय व्हय?"

"अंगठा करतात म्हणजे कसा करतात?" एकानं विचारलं. मी सांगितलं. "पहिलं बोट फिरवून?" दुसरा म्हणाला. लोक आपापले हात पुढे धरून बोटं वाकवून बघायला लागले. दोघांची जुंपली की नस कापल्याशिवाय बोट फिरेल कसं. सफारीवाले उतरले आणि फाटकापाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटांनी तेच ओरडले, "आली! रिक्षा आली! बाईच आहेत!"

चार-त्रेपन्नला पेंढारकरबाई फलाटावर धावत आल्या. खांद्याला बॅग, केस विस्कटलेले, कपाळावर टोपीचा वळ तसाच. मी पुढे झालो. पण मी विचारायच्या आत बशीरनं त्यांची बॅग घेतली, सफारीवाल्यांनी आपली खिडकीची जागा दिली आणि गाडी सुरू झाली. मी गाडीबरोबर चालायला लागलो, मग धावायला लागलो.

"बाई!" मला एवढंच ओरडता आलं.

बाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "गुलाबी!" त्या ओरडल्या. "अहो घोडके, गुलाबी आहे! मस्त गुलाबी!"

गाडीतून एकच आरोळी उठली. बशीरनं घंटीची दोरी अशी ओढली की तुटायची राहिली. मी फलाटाच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि मोठ्यानं रडलो. हमाल गोळा झाले. कुणी पाणी आणलं, कुणी पाकीट मारलं का म्हणून विचारलं.

दवाखान्यात परत आलो तेव्हा वैजू झोपली होती. कोपराच्या वरपर्यंत पांढरं प्लास्टर आणि त्यातून बाहेर डोकावणारं बोटाचं टोक. शालन दर पाच मिनिटांनी त्याच्यावर हलकेच दाबून पाहायची, पांढरं व्हायचं, सोडलं की गुलाबी व्हायचं.

"बस मिळाली का बाईंना?" तिनं विचारलं.

"मिळाली."

"दाबून बघा तुम्ही पन," ती म्हणाली आणि थोडी सरकली. मी तिच्याशेजारी बसलो.

प्लास्टर पाच आठवड्यांनी निघालं. आणि मग जे झालं त्याची कुणी कल्पना दिली नव्हती. वैजू त्या हाताला हातच लावू देईना. अंगठा होता, जागच्या जागी होता, थोडा लांबट, थोडा सुजलेला, पण अंगठा होता. ती मात्र मूठ मिटून हात पोटाशी धरून बसायची आणि सगळं डाव्या हातानं करायची. शालन चेंडू द्यायची, मणी द्यायची, लाटणं द्यायची. आक्का तर खोबऱ्याचे तुकडे घेऊन मागं मागं फिरायची. उजवा हात काही उघडायचा नाही. असे तीन आठवडे गेले. मला रात्री झोप लागेना. पाचाची चार केली आणि त्या चारांनाही ती विसरून गेली, असं मनात यायचं.

पुण्याला बाईंच्या दवाखान्यात तपासणीला गेलो. बाईंनी टेबलावर रंगीत मणी मांडले, चिमटे ठेवले, एक बाहुली ठेवली. वैजू शालनच्या मांडीवर तशीच मूठ मिटून बसली. बाई खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसल्या, गाणी म्हणाल्या, टाळ्या वाजवल्या. काही नाही. त्यांचाही चेहरा जरा उतरला. "वेळ लागतो कधी कधी," त्या म्हणाल्या आणि कागदावर काही लिहायला लागल्या.

पोरगी कंटाळली होती म्हणून मी खिशातून लिमलेटची गोळी काढून तिच्या डाव्या हातात दिली. तिनं ती गच्च धरली. काहीतरी बोलायचं म्हणून मी हात पुढे केला. "मला दे की गं थोडी."

गल्लीतल्या पोरांनी तिला एक विद्या शिकवली होती. ती नेहमी डाव्या हातानं दाखवायची. पण डाव्या हातात आता गोळी होती, आणि गोळी सोडेल ती घोडक्यांची पोरगी कसली.

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. उजवा हात पोटापासून निघाला, पुढे आला, मूठ वळली आणि तिनं माझ्या नाकापुढे ठेंगा नाचवला.

"तेच!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेरची सिस्टर धावत आत आली. "तेच, तेच! पुन्हा विचारा! अहो घोडके, पुन्हा मागा तिच्याकडे!"

"दे ना गं, वैजू," मी म्हणालो.

पुन्हा ठेंगा. वाकडा, लालसर, ताठ उभा. शालन तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मला नाही का?" बाईंनी विचारलं.

नाही. ठेंगा.

परतीच्या गाडीत ती गोळी संपली, तरी मी बार्शी येईपर्यंत मागतच राहिलो.